वाळवंटी मोहिमांचे बोर्ड वॉरगेम : खेळणारे आणि जमवणारे, इकडे या

षटकोन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, शेवटी आज धागा काढतोच. विषय आडवाटेचा आहे. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर अर्ध्या इंचाचे पुठ्ठ्याचे काउंटर, एखाददुसरा फासा आणि जाडजूड रूलबुक, असे जे ऐतिहासिक वॉरगेम असतात ते. त्यातही फक्त वाळवंटातल्या मोहिमांचे. उत्तर आफ्रिका १९४० ते ४३ हा मुख्य मामला, पण सिनाई वगैरेवरचे पण चालतील.

निमित्त असं की मागच्या आठवड्यात मला ॲव्हलॉन हिल या गेम कंपनीच्या 'आफ्रिका कोर'ची जुनी प्रत मिळाली. १९६४ चा गेम, चार्ल्स रॉबर्ट्सचं डिझाइन. पेटीचे कोपरे गेलेत, बोर्डाच्या घडीवर कापडी पट्टी विरलीय, पण नकाशाचा रंग अजून छान आहे, डावीकडे लिबियातलं एल अघेला, उजवीकडे इजिप्त, वर निळा समुद्र आणि मधे सगळा मोकळा पिवळा पट्टा. काउंटर मोजले तर एक कमी निघाला. जर्मनांचा सप्लायचा काउंटर. मन खट्टू झालं.

पण पेटीच्या तळाशी एक कागद सापडला. मागच्या कुणा मालकाने पेन्सिलीने टर्नवार नोंद ठेवलीय. एका महिन्याचे दोन टर्न असतात हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. तर नोंद अशी आहे : मे १ आलं. मे २ बुडालं. जून १ आलं, आणि त्यावर आडवी काट. जून २ आलं, त्यावरही काट. जुलै १ बुडालं. जुलै २ आलं. ऑगस्ट १ आलं. ऑगस्ट २ आलं, खाली दोन रेघा. बस, इथे कागद संपला. बाकी सगळा कोरा.

या गेममध्ये जर्मन बाजूचा सप्लाय समुद्रावरून येतो आणि दर टर्नला फासा टाकून बघायचं असतं की जहाज पोचलं का बुडालं. म्हणजे ही त्या बुडण्या-पोचण्याची नोंद. मी तो कागद दोन दिवस बघत बसलोय. अख्ख्या कागदावर एकाही लढाईचं नाव नाही, किती टँक गेले नाही, कोण जिंकलं नाही. फक्त सप्लाय. आणि मला वाटतं वाळवंटी गेमचं सगळं मर्म त्यातच आहे. जंगलात, शहरात, डोंगरात लढणारे गेम मी खेळलोय, तिथे तुम्ही शत्रूकडे बघत खेळता, इथे मात्र पाठीमागे बघत खेळावं लागतं.

तर बोला. कोण कोण खेळतं, कोणते गेम आहेत, कसे जपता. आणि या कागदावरून त्या माणसाचा खेळ कुणाला ओळखता येतोय का तेही सांगा.

नकाशेबाज

वा, क्या बात है. जागा धरून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

रेवा

छान धागा. मी यातलं काहीही खेळलेली नाही, बुद्धिबळ आणि दोनचार साधे बोर्ड गेम एवढंच. पण इतिहास वाचायला आवडतो म्हणून विचारतेय, काटलेल्या नोंदी म्हणजे काय? आणि वाळवंटात तर सगळं सपाट, ना नदी ना जंगल, मग नकाशावर असतं काय, आणि खेळताना कंटाळा नाही का येत? दुसरं, कुठेतरी ऐकलं होतं की यातला एक गेम संपायला पंधराशे तास लागतात. हे खरंय का? खरं असेल तर मी आत्ताच पळ काढते.

बालबिया

रेवाताई, पळू नका. पंधराशे तासांचं उत्तर आमचे एकांडे शिलेदार देतीलच, त्यांचा तो आवडता विषय आहे. मी नकाशाचं सांगतो.

सपाट असतं म्हणून तर मजा आहे. आघाडीची एक बाजू समुद्राला टेकलेली, दुसरी बाजू हवेत. जिथे उभे राहाल तिथे दक्षिणेकडून वळसा घालून कुणीतरी मागे येणार, मग आपण सरकायचं, मग त्याने आणखी लांबून वळसा घ्यायचा. याला अपवाद एकच, एल अलामीन. तिथे समुद्र आणि कत्तारा खळगा यांच्यात जेमतेम साठ किलोमीटरची फट उरते आणि खळग्यातून टँक जात नाहीत. नकाशावर बाकी सगळीकडे घरं मोकळी आणि इथे एकदम बाटलीचा गळा. पुस्तकात शंभर वेळा वाचलं तरी डोक्यात शिरत नाही, नकाशावर आपला स्टॅक, म्हणजे काउंटरची चळत, त्या गळ्यात अडकला की एका टर्नमध्ये कळतं की ब्रिटिश सेनापती ऑचिनलेक तिथेच का थांबला ते.

आता अंतरं बघा. त्रिपोली ते बेंगाझी साधारण हजार किलोमीटर. तिथून तोब्रुक बंदर आणखी साडेचारशेच्या वर. तोब्रुकपासून अलेक्झांड्रिया आणखी सहाशेच्या आसपास. म्हणजे एकूण दोन हजार किलोमीटरच्या घरात आणि धड रस्ता एकच, किनाऱ्याचा, लिबियातल्या ज्या भागाला व्हिया बाल्बिया म्हणत, माझा आयडी तिथूनच आलाय. जर्मन पुढे गेले की त्यांचे ट्रक पेट्रोल वाहता वाहता त्यातलंच पेट्रोल पिणार. ब्रिटिश पुढे गेले की त्यांचंही तेच. म्हणून १९४१-४२ मध्ये आघाडी लंबकासारखी हलली. ब्रिटिश जनरल ओकॉनरने डिसेंबर ४० ते फेब्रुवारी ४१ मध्ये इटालियनांना बेदा फोमपर्यंत रेटलं, एक लाख तीस हजार कैदी घेतले, आणि मग जर्मन सेनापती रोमेल आल्यावर एप्रिलमध्ये सगळं उलट फिरलं. जिंकणारा जिंकल्यामुळेच अशक्त होतो, असं दुसऱ्या कुठल्या आघाडीवर इतकं स्वच्छ दिसत नाही. म्हणून मी गेली कित्येक वर्षं या एकाच मोहिमेचे गेम खेळतोय आणि अजून मन भरलेलं नाही.

काटलेल्या नोंदींचं : 'आफ्रिका कोर'मध्ये हल्ला करायला सप्लायचा काउंटर जवळ लागतो आणि हल्ला केला की तो काउंटर खर्ची पडतो. नुसतं थांबायला, तग धरायला तो असला की पुरतो, खर्च होत नाही. तेव्हा काट म्हणजे वापरला. त्या गृहस्थाने जूनच्या दोन्ही टर्नला हल्ले केले, एवढं नक्की सांगता येतं.

एकांडा शिलेदार

आलो. पंधराशे तासांचा गेम म्हणजे एसपीआय कंपनीचा 'द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका', १९७९, रिचर्ड बर्गचं डिझाइन. हो रेवाताई, खरंय. दोन्हीकडे पाचपाच खेळाडू लागतात. त्यात एक सरसेनापती, एक पुढची आघाडी बघणारा, एक विमानं बघणारा, एक पिछाडी बघणारा आणि एक फक्त रसद बघणारा. काउंटर दीड हजारावर आणि नकाशा मांडायला एक टेबल पुरत नाही. एकेका विमानाचा, वैमानिकाचा हिशोब. पेट्रोल दर टर्नला थोडं हवेत उडून जातं, आणि ब्रिटिशांचं जास्त उडतं, कारण त्यांचे डबे गळके होते. ते खरंच तसे होते, चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे, ट्रकमध्ये आदळून फुटायचे. जर्मनांचा डबा इतका भक्कम की ब्रिटिश ते हाती लागले की जपून वापरायचे, आपण आज ज्याला जेरीकॅन म्हणतो तो हाच.

आणि त्यातला तो प्रसिद्ध नियम, इटालियन तुकड्यांना पास्ता उकळायला जादा पाणी लागतं. लोकांना या गेमबद्दल तेवढंच माहीत असतं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण बाकीचा गेम फार गंभीरपणे केलेला आहे. मी तो आजवर पूर्ण खेळलेलो नाही, पूर्ण खेळलेला माणूस पण मला भेटलेला नाही, पण मी त्यातला रसदेचा भाग एकट्याने काही महिने खेळलोय, वही घालून. दर रविवारी सकाळी चार तास. ट्रक किती, पाणी किती, कुठल्या डेपोत किती. त्या चार तासांत एक गोळी पण सुटायची नाही आणि मला कधीही कंटाळा आला नाही. एकदा हिशोबात चूक करून मी एका डिव्हिजनला पाण्याशिवाय पाठवलं होतं आणि ते लक्षात आलं तेव्हा अक्षरशः पोटात गोळा आला, कागदावरची माणसं असून.

नव्या माणसाने तिथून सुरुवात करू नये हे उघड आहे. माझं मत, कोलंबिया कंपनीचा 'रोमेल इन द डेझर्ट' घ्या. १९८२, क्रेग बेसिंक. लाकडी ठोकळे असतात, उभे ठेवायचे, लेबल फक्त आपल्याला दिसतं. बालबिया शिकवतील.

बालबिया

आनंदाने. रेवाताई, शनिवारी वेळ असेल तर ऑनलाइन मांडू. मी ब्रिटिश घेतो, तुम्ही रोमेल.

जुनापेटारा

मी जमवणारा आहे, खेळणारा कमी, आधीच सांगतो म्हणजे नंतर बोलणी नकोत. वाळवंटावरचे गेम माझ्याकडे तीसएक आहेत. जुनी प्रत घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण षटकोन यांचं जे झालं ते माझंही झालंय.

काही वर्षांपूर्वी मी 'पॅन्झरआर्मी आफ्रिका'ची प्रत घेतली, एसपीआयची, १९७३, डनिगनचं डिझाइन, मूळ 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' मासिकाच्या ४० व्या अंकातून आलेला गेम. विकणाऱ्याने लिहिलं होतं की सगळं पूर्ण आहे. घरी येऊन मोजलं तर अकरा काउंटर नाहीत आणि दोन काउंटर भलत्याच गेमचे, आकार सारखा म्हणून भरती केलेले. विचारलं तर उत्तरच नाही. त्या दिवसापासून नियम केला, आधी काउंटरचे फोटो मागायचे, दोन्ही बाजूंचे, ओळीत मांडून. पूर्ण आहे या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. फोटो आले की काउंटर शीटच्या यादीशी एकेक ताडून बघायचे, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा इलाज नाही.

सगळ्यात जास्त काय हरवतं माहितीये? रणगाड्यांची युनिट्स नाहीत. ती लोक जपतात. हरवतात ते सप्लायचे, ट्रकचे, टर्न मोजायचे मार्कर. कारण खेळ संपला की ते कुणी आवडीने गोळा करत नाही. तेव्हा षटकोन, तुमचा नेमका सप्लायचाच काउंटर नसणं याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

एसपीआयच्या त्या चपट्या प्लॅस्टिकच्या ट्रे असतात, कप्पे असलेल्या, त्यांचं वरचं पारदर्शक झाकण हमखास तडकतं, त्यामुळे झाकण अखंड दिसलं की मी थांबून बघतोच. कागदी नकाशा असेल तर घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक भोक पडलंय का बघा. चिकटपट्टी लावलेला नकाशा टाळा, पट्टीचा गोंद काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो काही केल्या निघत नाही. वास घ्या. गंमत नाही करत, ओलीचा वास आला तर ती पेटी बाकीच्या पेट्यांजवळ ठेवायची नाही, बुरशी पसरते. नकाशा सपाट करायला मी त्याची घडी उलटी फिरवत नाही, जुना कागद तुटतो. दोन दिवस नुसता उघडा ठेवायचा आणि खेळताना वर ॲक्रिलिकची शीट टाकायची.

आणि ज्या शीटमधून काउंटर अजून सुटे केलेले नाहीत अशी प्रत मिळाली तर ती तशीच ठेवावी. एसपीआय १९८२ मध्ये संपली, ॲव्हलॉन हिल १९९८ मध्ये विकली गेली, त्या काळातल्या अखंड शीट आता नव्याने होणार नाहीत.

एकांडा शिलेदार

पेटाराभाऊ, सगळं पटलं, शेवटचं सोडून. गेम खेळायला केलेला असतो. ज्याने तो डिझाइन केला त्याने हिशोब मांडून, फासे टाकून, शेकडो वेळा चुकून तो नीट केलेला असतो आणि तुम्ही तो पन्नास वर्षं शीटमध्येच ठेवणार?

जुनापेटारा

शिलेदार, मी ती शीट बघतो तेव्हा मला छापणाऱ्याचं काम दिसतं. रंग कुठे सरकलाय, कुठली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली, हे सुट्या काउंटरवर कळत नाही. खेळायची प्रत वेगळी, ठेवायची वेगळी. माझ्याकडे ज्याच्या दोन आहेत त्यातली एक मी कुणालाही खेळायला देतो, आजवर एकालाही नाही म्हटलेलं नाही.

षटकोन

दोघांचंही मनापासून आहे, म्हणून भांडू नका. मी स्वतः शिलेदारांच्या बाजूचा. नवीन गेम आला की पहिली संध्याकाळ नेलकटर घेऊन काउंटरचे कोपरे गोल करण्यात जाते, चारशे काउंटर म्हणजे सोळाशे कोपरे, बोटाला वळ उठतो. पण नंतर स्टॅक उचलताना एक काउंटर दुसऱ्यात अडकत नाही. आणि ते करता करता एकेक युनिटचं नाव वाचून होतं. अर्धा इतिहास माझा तिथेच झालाय, आरिएते, ब्रेशिया, पाविया, सवोना, इटालियन डिव्हिजनची ही नावं मला पुस्तकातून नाही, नेलकटरमुळे पाठ झालीत.

नकाशेबाज

उशीर झाला, माफ करा. षटकोन यांनी इटालियन डिव्हिजनची नावं घेतली म्हणून तिथूनच धरतो, कारण मला यात एक खरं दुखणं आहे.

जुन्या गेमांमध्ये इटालियन युनिट म्हणजे कागदी. रोमेलला स्वतंत्र काउंटर, त्याच्या बरोबर निघालेल्यांना जादा चाल, आणि इटालियन मात्र रस्त्यात टाकायची भरती. आता १९ नोव्हेंबर १९४१ चं बीर एल गुबी बघा. ऑपरेशन क्रुसेडर या ब्रिटिश हल्ल्याचा दुसरा दिवस, ब्रिटिशांची २२ वी आर्मर्ड ब्रिगेड सरळ आरिएते डिव्हिजनवर चालून गेली आणि मार खाऊन परत आली. गझालाच्या लढाईत २७ मे १९४२ ला सकाळी तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड चिरडली ती पण आरिएतेनेच. इटालियनांचीच फोल्गोरे डिव्हिजन अलामीनला शेवटपर्यंत टिकली. हे सगळं नोंदलेलं आहे, आणि तरी लोकांना पास्त्याचा नियम तेवढा आठवतो. अलीकडचे डिझायनर हे सुधारतात, डीन एसिगचा 'डीएके' घ्या, १९९७, त्यात इटालियनांची अडचण त्यांच्या धैर्यात नाही, ट्रक नसण्यात आहे. पायी चालणारी डिव्हिजन वाळवंटात म्हणजे पाय बांधलेली. हे मला न्याय्य वाटतं आणि खेळायलाही जास्त चांगलं.

दुसरं, आपल्याकडचे वाचक आहेत म्हणून. तोब्रुक २१ जून १९४२ ला पडलं, तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. आदल्या दिवशी, २० जूनला, जर्मनांचा मुख्य घाव तटबंदीच्या आग्नेय कोपऱ्यावर बसला आणि तिथे ११ वी इंडियन इन्फन्ट्री ब्रिगेड होती. त्या ब्रिगेडमध्ये ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. म्हणजे 'सेकंड फिफ्थ मराठा'. याच रेजिमेंटचे मराठे त्याआधी ४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात लढलेले. मोहिमेच्या पातळीवरच्या गेममध्ये ती तुम्हाला वेगळी दिसणार नाही, ब्रिगेडचा एक काउंटर असतो, त्यावर ११ आणि ४ थ्या इंडियन डिव्हिजनची खूण, बस. मी गझाला खेळतो तेव्हा तो काउंटर तोब्रुकच्या आग्नेयेला ठेवताना दरवेळी हात थांबतो. नियम म्हणतात तिथेच ठेव. मी ठेवतो. पण मला माहीत असतं की त्या अर्ध्या इंचात कोण उभं आहे, आणि त्यांच्यासमोरचे सुरुंग आधीच उचलून दुसरीकडे नेलेत, खंदक बुजलेत, मागे पुरेशा तोफा नाहीत. एकदा मी ब्रिटिश खेळताना बाकी आघाडी पातळ करून तिथे जादा रणगाडाविरोधी तोफा दिल्या. तोब्रुक वाचलं. इतर सगळीकडे मात्र हरलो.

अवांतर : ज्यांना खालच्या पातळीवर, एकेक टँक आणि एकेक तोफेचा गेम हवाय त्यांनी ॲव्हलॉन हिलचा 'तोब्रुक' बघावा, १९७५, हॅल हॉक. नकाशा जवळजवळ कोरा. फासे इतके टाकावे लागतात की मनगट दुखतं, पण कुठली तोफ कुठल्या टँकला किती अंतरावरून भेदते ते त्यातून नीट कळतं.

रेवा

शनिवारी खेळले. चार तास गेले आणि कळलंच नाही. सांगते.

मी रोमेल. पत्ते हातात असतात, त्यातले काही खरे सप्लाय आणि काही नुसती हूल. एक खरा पत्ता टाकला तर साधी चाल, तीन टाकले तर ब्लिट्झ, म्हणजे दोनदा चालायचं आणि दोनदा लढायचं. माझ्याकडे पहिल्याच महिन्यात तीन खरे आले आणि मी लगेच तीनही टाकले, का नाही टाकायचे? वळसा घालून थेट तोब्रुकच्या पुढे गेले, बालबियांचे दोन ठोकळे मागे अडकले, मला वाटलं झालं, जिंकले. मग हातात बघते तर उरलेले सगळे पत्ते खोटे. एकही खरा नाही. माझे सगळे चांगले ठोकळे नकाशाच्या उजव्या टोकाला आणि मी हलूच शकत नाही. आणि बालबियांना ते माहीत नाही! मग मी काय केलं, तोंडावर काहीही न दाखवता, म्हणजे आवाजात काही न दाखवता, पत्ते मोजायचं नाटक केलं आणि एका ठोकळ्याची जागा नीट केली, जशी काही पुढे निघालेय. ते थांबले. एक टर्न पास म्हणाले. मला एक महिना मिळाला.

शेवटी हरलेच. पण तो जो एक टर्न होता ना, पुढे काही नाही, मागे काही नाही, आणि समोरचा घाबरून थांबलाय, त्याच्यासाठी मी परत खेळणार. षटकोन, तुमचं पाठीमागे बघत खेळणं आता मला समजलं.

बालबिया

मी फसलो होतो, पूर्ण फसलो होतो. त्या ठिकाणी मी पुढे आलो असतो तर खेळ तिथेच संपत होता. पहिल्याच डावात कुणी मला असं थोपवलं नव्हतं. परवा परत बसू, या वेळी ब्रिटिश तुम्ही घ्या, कारण पेट्या भरलेल्या असून कधी निघायचं हे ठरवणं रोमेलपेक्षा अवघड आहे.

बरं षटकोन, तुमचा कागद माझ्या डोक्यात फिरतोय. माझा अंदाज : जूनमध्ये दोन हल्ले लागोपाठ. एवढ्या लवकर दोन सप्लाय खर्ची घालण्यासारखी एकच जागा आहे, तोब्रुक. म्हणजे जूनमध्ये प्रयत्न करून झाला आणि जमला नाही.

एकांडा शिलेदार

मला तसं वाटत नाही. तोब्रुक घेतलं नसतं तर जुलै-ऑगस्टमध्ये तीन सप्लाय न वापरता कोण साठवेल? तिथेच परत डोकं आपटलं असतं. मी म्हणतो जूनमध्ये तोब्रुक पडलं. पुढचे तीन त्याने अलेक्झांड्रियाकडे जायला गोळा केले. ऑगस्ट २ च्या खालच्या दोन रेघा म्हणजे आता पुरेसे झाले, निघायचं.

नकाशेबाज

किंवा उलटं. जूनमध्ये ब्रिटिशांचा हल्ला आला असेल, जसा खऱ्या इतिहासात ४१ च्या जूनमध्ये त्यांचा 'बॅटलॲक्स' हा हल्ला आला, आणि ते दोन सप्लाय प्रतिहल्ल्यात गेले असतील, इजिप्तच्या सीमेवरच्या हल्फाया खिंडीच्या बाजूला. मग तो शहाणा होऊन बसला आणि तीन जमेपर्यंत तोब्रुककडे गेलाच नाही. त्याला घाई एकाच गोष्टीची, नोव्हेंबरात ब्रिटिशांची मोठी कुमक येते, त्याच्या आत काय ते करायचं. ऑगस्टला तीन हातात म्हणजे सप्टेंबर ही शेवटची संधी.

जुनापेटारा

तुम्ही तिघं एक गोष्ट विसरताय. सप्लायचा एक काउंटर पेटीत नाही. शेवटच्या डावात तो नकाशावर होता आणि तिथून तो परत आला नाही. षटकोन, बोर्डावर खुणा आहेत का बघा, जुन्या मालकांनी एकच जागा वारंवार वापरली की तिथला कागद गुळगुळीत होतो. दिवा बाजूने, तिरका धरायचा, वरून नाही.

षटकोन

पेटाराभाऊ, दंडवत. आत्ता बघून आलो. खोलीतला दिवा बंद केला, टॉर्च बोर्डाला टेकवून आडवा धरला. तोब्रुकच्या भोवतीची घरं सगळी चकचकीत झालीत, ते अपेक्षितच, तिथे सगळेच लढतात. पण त्याच्या पूर्वेला, सीमेच्या पलीकडे, एका घरावर चौकोनी डाग आहे. अर्ध्या इंचाचा. रंग आजूबाजूपेक्षा गडद. म्हणजे तिथे एक काउंटर बराच काळ, महिने असतील वर्षं असतील, तसाच पडून राहिला आणि बाकीचा बोर्ड उन्हाने फिका झाला. आणखी तीनचार पुसट चौकोन त्याच्या आसपास आहेत.

म्हणजे डाव मांडलेलाच राहिला होता. तो इजिप्तमध्ये पोचला होता, सप्लाय बरोबर होता, आणि कागद ऑगस्ट २ ला संपतो.

एकांडा शिलेदार

सीमेच्या पलीकडे! मग तोब्रुक पडलेलं होतं. म्हटलं नव्हतं?

नकाशेबाज

किंवा तोब्रुक वेढ्यात सोडून पुढे गेला असेल. खऱ्या रोमेलने २४ नोव्हेंबर ४१ ला क्रुसेडरच्या ऐन धुमाळीत इजिप्तच्या सीमेवरच्या काटेरी तारेकडे धाव घेतली होतीच की, मागे तोब्रुक तसंच ठेवून, आणि ते त्याला महागात पडलं. डागावरून हे ठरत नाही.

रेवा

मग खेळून बघा ना. म्हणजे जहाजांसाठी फासा टाकायचाच नाही, त्याच्या कागदाप्रमाणे सप्लाय द्यायचा. मे १ आलं, मे २ बुडालं, तसंच. आणि जूनमध्ये दोन हल्ले करायचेच. ऑगस्टला त्या घरापर्यंत कुठल्या मार्गाने पोचता येतं ते दिसेल.

षटकोन

रेवाताई, हे मला सुचायला हवं होतं. ठरलं. शिलेदार जर्मन, नकाशेबाज ब्रिटिश, चाली इथेच लिहा, मी माझ्या बोर्डावर हलवतो आणि रोज रात्री फोटो टाकतो. लढाईचे फासे बालबिया टाकतील, दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास आहे. हरवलेल्या सप्लायच्या जागी पेटाराभाऊंनी त्यांच्या खेळायच्या प्रतीतला काउंटर पाठवतो म्हटलंय, तो येईपर्यंत मी पुठ्ठ्याचा कापून घेतलाय, त्यावर पेन्सिलीनेच लिहिलंय.

एप्रिल १, १९४१. जर्मन चाल. रोमेल एल अघेलाला, २१ वी पॅन्झर त्याच्या बरोबर, एक सप्लाय त्यांच्या मागे किनाऱ्याच्या रस्त्यावर. शिलेदार, सांगा, किनाऱ्याने बेंगाझीकडे, का आतून वाळवंटातून मेकिलीकडे?

एकांडा शिलेदार

मेकिली. पण सप्लाय रस्त्यावरच ठेवा, त्याला आत नेऊ नका. आधी तो किती घरं मागे राहतो ते मोजून सांगा, मग पॅन्झर हलवतो.